नर्सी, परभणी आणि र

हिंगोली जिल्ह्याच्या तालुक्यांची नावं वाचताना पहिलीतलं पोर फारसं अडत नाही. हिंगोली, वसमत, सेनगाव, कळमनुरी ही सगळी सरळ अक्षरांची नावं. औंढा नागनाथमधला 'औ' तेवढा जरा जड. अडचण सुरू होते ती पुढं. नर्सी येतं, पूर्णा नदी येते, कुरुंदा येतं, आणि औंढ्याला गेलं की ज्योतिर्लिंग. वसमतला बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. या एका नावात पाच र आहेत. 'ठाकरे'तला आणि 'हरि'तला असे दोन उघड दिसतात, बाकीचे तीन दुसऱ्या अक्षरांच्या पोटात शिरलेले. ज्या मुलाला परवाच 'र रथाचा' शिकवला, त्याला या पाटीवर तीन ठिकाणी रथाचा र सापडत नाही. म्हणून ते 'हरिदा' वाचतं, 'केंद' वाचतं, आणि आपण त्याला हलगर्जी म्हणतो.

देवनागरीतल्या इतर बहुतेक व्यंजनांना जोडाक्षरात फार तर अर्धं व्हावं लागतं. 'त'चा दांडा गेला तरी तो 'त'च दिसतो. र मात्र जागा आणि रूप दोन्ही बदलतो. स्वर त्याच्यासोबत असेल आणि आधी जोडलेलं व्यंजन नसेल तर तो पूर्ण असतो. त्याच्यानंतर लगेच दुसरं व्यंजन आलं तर तो त्या व्यंजनाच्या डोक्यावर जातो. हा रफार, 'वर्ग'मधला. त्याच्या आधी व्यंजन आलं तर तो त्याच्या अंगाला तिरकी रेघ होऊन चिकटतो, 'प्रकाश'मध्ये, 'चक्र'मध्ये. ट आणि ड यांना उभा दांडा नाही, त्यामुळे तिथं तो पायाशी काकपदासारखी खूण होतो: ट्रक, ड्रम, महाराष्ट्र. 'त्र' आणि 'श्र' यांची तर मूळ अक्षरंही ओळखू येत नाहीत. 'शेतकऱ्या'तला आडवा र आणखी वेगळा. आणि उकार लागला तरी र सरळ वागत नाही. 'कुरुंदा' लिहून बघा. क चा उकार पायाशी, र चा उकार कमरेशी. एकाच गावाच्या नावात एकाच स्वराच्या दोन जागा. कृषी उत्पन्न बाजार समितीच्या पाटीवरचा 'कृ' मराठी माणूस 'क्रु' असाच उच्चारतो, म्हणजे ऐकायला तिथंही र आलाच.

मोठ्या माणसाला यातलं काही जाणवत नाही, कारण आपण शब्द एकगठ्ठा ओळखतो. मूल काय करतं हे कळायला 'ज्योतिर्लिंग' हा शब्द डाव्या हाताकडून एकेक खूण घेत वाचायला हवा. 'ज्यो' झालं. मग 'ति'ची पहिली वेलांटी, तिच्यामागून त. मग पुन्हा एक वेलांटी, तिच्यामागून ल. त्या ल च्या डोक्यावर रफार आणि रफाराला खेटून अनुस्वाराचं टिंब. शेवटी ग. डोळ्याला मिळालेला क्रम असा: वेलांटी, ल, रफार, अनुस्वार. तोंडानं मात्र आधी र म्हणायचा, मग ल, मग इ, मग अनुस्वार. म्हणजे जे तिसरं दिसलं ते पहिलं बोलायचं, आणि जे पहिलं दिसलं ते तिसरं. सहा-सात वर्षांच्या मुलाला हे करायला डोळा पुढं नेऊन परत मागं आणावा लागतो, आणि तेवढा वेळ 'ज्योति' हे लक्षात धरून ठेवावं लागतं. 'कीर्ती', 'मूर्ती' यांतही रफार दीर्घ वेलांटीच्याही पलीकडं, अक्षराच्या अगदी उजव्या टोकाला बसतो. ते मूल 'मूती' वाचून पुढं जातं आणि मग थबकतं. त्या थबकण्याला मंदपणा म्हणू नये. डोक्यावरचा र त्याला उशिरा भेटला, एवढंच.

पहिल्या वेलांटीचा त्रास संशोधकांनीही नोंदवला आहे. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचकांवर केलेल्या अभ्यासात ज्या शब्दांत खुणेचा क्रम आणि उच्चाराचा क्रम जुळत नाही, ते शब्द जास्त जड गेल्याचं दिसलं. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांबद्दल २००७ मध्ये लिहिलं. आपल्यासारख्या अक्षरलिपीतली अक्षरं आत्मसात व्हायला रोमन लिपीपेक्षा बराच जास्त काळ लागतो आणि हे काम प्राथमिक शाळेच्या वरच्या इयत्तांपर्यंत चालू राहतं, असा त्यांचा निष्कर्ष. सव्वीस अक्षरांचा हिशेब आपल्याला लावता येत नाही. तरीही आपल्याकडं 'पहिलीत वाचता आलंच पाहिजे' असा धोशा असतो. केंद्र सरकारनं ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या 'निपुण भारत' अभियानानं निदान तिसरीपर्यंतची मुदत दिली आहे, ते मला जास्त समंजस वाटतं. गरज किती आहे हे 'असर' या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालातून कळतं. ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत तिसरीतल्या २३.४ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. दुसरीच्या मजकुरात जोडाक्षरं असतात, हे इथं विसरून चालणार नाही.

मग र शिकवायचा कसा? आपली जुनी रीत अशी की मुळाक्षरं संपवायची, बाराखडी घोटायची आणि वर्षाच्या शेवटी एका धड्यात 'र ची रूपं' उरकून टाकायची. चारही रूपं एका फळ्यावर, एकाच तासात. फळा भरलेला छान दिसतो, पण मुलाच्या हाती काही लागत नाही, कारण चार नव्या खुणा आणि चार नवे नियम एकमेकांत मिसळून जातात. आधी एक रूप पक्कं व्हावं, मग दुसरं. पहिलं कुठलं? माझं मत रकाराच्या, म्हणजे व्यंजनाच्या अंगाला चिकटणाऱ्या तिरक्या र च्या, बाजूनं आहे. 'प्र', 'क्र', 'ग्र' यांत निदान र व्यंजनाच्या नंतर दिसतो आणि नंतरच ऐकू येतो. डोळा आणि कान यांचं भांडण नाही. ते भांडण रफारात आहे, म्हणून त्याला जास्त दिवस द्यावेत.

आणि सुरुवात कानापासून करावी. फळा नको, पाटी नको. बाई 'कर्म' म्हणतात, मुलं ऐकतात: र आधी आला की म आधी? मग 'क्रम'. आता र कोणाला चिकटला? तर्क आणि चक्र. अर्ज आणि वज्र. टाळ्या वाजवत तोडायचं: तर्-क, चक्-र. ज्या मुलाला हा फरक कानानं कळत नाही, त्याला तो डोळ्यानं कळण्याची आशा नाही. आणि हिंगोलीकडं हे काम जरा जास्तच करावं लागतं, कारण घरच्या बोलीत र ची जोडी सहसा फोडलेली असते. धर्माचा 'धरम' होतो, प्रसादाचा 'परसाद', आणि ट्रॅक्टरमधला पहिला र तर गायबच होतो, 'टॅक्टर' राहतो. बंजारा तांड्यावरून येणाऱ्या मुलाच्या घरी गोरमाटी बोलली जाते, त्याच्या कानावर मराठी जोडाक्षरं आणखी कमी पडलेली असतात. ही बोली चुकीची नाही, ती सुधारायला जाऊ नये. मुलाला एवढंच कळायला हवं की आपण 'परसाद' म्हणतो आणि पुस्तकात तोच शब्द 'प्रसाद' असा लिहितात. 'परसाद' म्हणणाऱ्या मुलाला प आणि र दोन्ही ऐकू येतात, हे खरं तर शिक्षकाच्या पथ्यावरच पडतं.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. र हा उच्चारायलाही उशिरा येणारा वर्ण आहे. रामाला 'लाम' म्हणणारी मुलं पहिलीत एखाद-दुसरी असतातच. त्यांना वाचनात थांबवू नये. 'वर्ग'ला 'वल्ग' म्हणणाऱ्या मुलानं रफार बरोबरच वाचलेला असतो, जीभ तेवढी मागं राहिलेली असते. उच्चार बहुधा वयानं सुधारतो, नाहीच सुधारला तर त्यासाठी वाचातज्ज्ञ आहेत.

कानाचं काम झालं की पाटी. 'कर्म' शिकवताना आधी तो उलगडून लिहावा: क, मग पाय मोडलेला र, मग म. मुलाला तो तसाच वाचू द्यावा. मग पाय मोडलेला र पुसायचा आणि म च्या डोक्यावर काढायचा. मुलांसमोर, प्रत्येक वेळी, हातानं. दोन-चार दिवसांनी पोरं स्वतःच उलट करू लागतात, रफार दिसला की त्याला खाली उतरवून मागच्या अक्षरापाशी ठेवतात. 'रफार म्हणजे पुढच्या अक्षराच्या आधीचा अर्धा र' ही व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा ही उतरवाउतरवी शंभरपट उपयोगी.

शब्द कुठून आणायचे? हजेरीपटातून. आजकाल जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेत जा, कार्तिक, आर्यन, समर्थ, आदर्श, दुर्गा, प्रतीक, प्राची, श्रावणी, ऋतुजा, कृष्णा ही नावं पटावर भेटतातच. यात र ची बरीच रूपं येऊन जातात. आणि मूल स्वतःचं नाव वाचायला कधी कंटाळत नाही. कार्तिकला पहिलीच्या पहिल्या महिन्यात 'जोडाक्षरं अजून झाली नाहीत' असं सांगणं म्हणजे त्याचं नाव शाळेच्या हिशेबात अजून आलेलं नाही असं सांगणं. डोक्यावर र असलेली नावं एका भिंतीवर, पायाशी असलेली दुसरीवर. त्यात आठवड्याला दोन-चार शब्द गावातले जोडायचे: पूर्णा, मिर्झा, दर्गा, ग्रामपंचायत, ट्रक.

इथं चौकस पोर एक प्रश्न विचारतं, आणि तो ऐकून पुष्कळ शिक्षक बगल देतात. नर्सीला रफार आहे, मग परभणीला का नाही? बोलताना तर आपण 'पर्भणी'च म्हणतो. मिरचीला 'मिर्ची' म्हणतो, खुरप्याला 'खुर्पं', करतोला 'कर्तो'. 'करता' आणि 'कर्ता' हे दोन शब्द डोळे मिटून ऐकले तर त्यांत फरक सांगता यायचा नाही. खरी गोष्ट अशी की मराठी बोलताना शब्दाच्या मधला अ पुष्कळदा गळतो, पण लिहिताना आपण तो राखून ठेवतो. 'कर' या धातूला 'तो' लागला, म्हणून 'करतो'. संस्कृतातून आलेल्या शब्दांत मुळातच तो अ नव्हता, म्हणून सूर्य, वर्ग, कर्ता. फारसीमार्गे आलेले अर्ज, कर्ज, खर्च, गर्दी आणि इंग्रजीतून आलेले शर्ट, नर्स हेही आपण रफारानंच लिहितो. घरच्या शब्दाला बहुतेक पूर्ण र आणि बाहेरून आलेल्याला रफार, असं ढोबळमानानं म्हणता येईल. गावांच्या नावांना तर हाही नियम बांधून ठेवत नाही. नर्सी कुठं 'नर्सी' लिहिलेलं दिसतं, कुठं 'नरसी'.

नर्सीचा विषय निघालाच आहे म्हणून. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून हे गाव प्रसिद्ध आहे, आणि नामदेवांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत. तो ग्रंथ गुरुमुखी लिपीत आहे, आणि गुरुमुखीत रफार वापरत नाहीत. तिथं कर्म हा 'करम' लिहितात, धर्म 'धरम', र आपला पूर्ण आणि जागच्या जागी. पायाशी लागणारा र मात्र त्यांच्याकडंही आहे. उर्दूतही र शब्दात जागा सोडत नाही. म्हणजे डोक्यावर चढणारा र ही काही निसर्गाची गरज नव्हे, आपल्या लिपीनं केलेली निवड आहे. हे शिक्षकाला ठाऊक असलं की 'एवढं साधं कसं येत नाही' हे वाक्य जरा कमी वेळा तोंडातून निघतं.

आडव्या र चं प्रकरण मी तिसरीवर ढकलीन. पण ते टाळता येणार नाही, कारण हा जिल्हा शेतकऱ्यांचा आहे आणि उत्तरेला लागूनच वऱ्हाड सुरू होतं. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' यांत पंक्तीला कोण येणार ते बदलतं. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरातल्या. फरक कानाला कळतो: 'दर्या'त र मागच्या अक्षराला जाऊन आदळतो, दर्-या, 'दऱ्या'त मागच्या अक्षरावर जोर येत नाही, द-ऱ्या. ह आला की बहुतेक आडवाच: कुऱ्हाड, तऱ्हा, गुऱ्हाळ. मोबाइलवर टंकताना हा र हमखास चुकतो आणि मोठमोठ्या फलकांवर 'शेतकर्यांसाठी' अशी योजना जाहीर होते. त्यासाठी कळफलकावर टिंब असलेला वेगळा ऱ दिलेला आहे, तो पाय मोडून वापरला की काम होतं. वर्गाच्या ग्रुपवर गृहपाठ टाकणाऱ्या शिक्षकांनी तेवढं पाहावं, कारण मुलं आता तिथलं वाचूनही शिकतात.

आता इंग्रजी. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० साली, महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली. त्यामुळे जे मूल मराठीतल्या र शी झुंजत असतं, तेच त्याच शाळेत इंग्रजीतल्या आर शीही झुंजतं. इंग्रजी शाळांतून या आरचं वेगळं प्रकरणच शिकवतात आणि मुलांना गमतीनं सांगतात की हा आर मोठा दादागिरी करणारा आहे, शेजारच्या स्वराला स्वतःचा आवाज काढू देत नाही. ए-आर, ई-आर, आय-आर, ओ-आर आणि यू-आर अशा पाच जोड्या. आय म्हणजे 'इ' हे शिकलेलं मूल बी-आय-आर-डी हा शब्द 'बिर्ड' वाचतं, जी-आय-आर-एल 'गिर्ल' आणि एन-यू-आर-एस-ई 'नुर्स'. त्याचं काही चुकलेलं नसतं. मराठीच्या हिशेबानं ते बरोबरच आहे, कारण मराठीत र शेजारच्या स्वराला हात लावत नाही. 'कीर्ती'तला ई दीर्घच राहतो, 'दुर्गा'तला उ उच राहतो. मराठी र स्वतःची जागा बदलतो आणि स्वराला सोडून देतो. इंग्रजी आर जागेवरून हलत नाही आणि स्वर बदलून टाकतो. दोन्ही भाषा शिकवणाऱ्यानं एवढी एक गोष्ट मुलांना उघडपणे सांगितली तर निम्मा गोंधळ मिटेल. ती सांगितली जात नाही, कारण मराठीचा तास वेगळा आणि इंग्रजीचा वेगळा मानला जातो, शिक्षक बहुधा तोच असला तरी.

मजा अशी की त्या पाच जोड्यांचे उच्चार मराठी मुलाच्या तोंडात आधीपासून आहेत, आणि ते रफारातच बसलेले आहेत. हळद घेऊन बाप मार्केट यार्डात जातो. 'मार्केट', 'यार्ड' हा झाला ए-आर, म्हणजे 'आर्'. चौकातला कॉर्नर आणि शाळेत भरायचा फॉर्म हा ओ-आर, म्हणजे 'ऑर्'. आणि शर्टमधला आय-आर, नर्समधला यू-आर, टर्ममधला ई-आर हे तिन्ही आपण एकाच 'अर्'नं बोलतो आणि लिहितो. पाच जोड्या, तीन आवाज. मुलाला नवा आवाज शिकायचा नाही, फक्त ओळखीचा आवाज नव्या वेशात ओळखायचा आहे. ज्याला 'नर्सी' वाचता येतं त्याला 'नर्स' वाचून झालेलंच असतं. फळ्यावर एका बाजूला मराठीत शर्ट, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत तोच शब्द, आणि रफाराखाली व आय-आरखाली एकाच रंगाच्या खडूची रेघ. मला याच्याइतकी स्वस्त आणि हातातली युक्ती दुसरी दिसत नाही. प्रमाण ब्रिटिश उच्चारात हा आर स्वतः ऐकू येत नाही, अमेरिकनांच्यात येतो. आपण तो स्पष्ट म्हणतो आणि तसा म्हणण्यात कमीपणा काही नाही. उलट त्यामुळेच मुलाला आर विसरायला होत नाही.

अपवाद आहेत आणि ते आधीच सांगू नयेत. डब्ल्यू आला की ओ-आर 'ऑर्' न राहता 'अर्' होतो, जसा 'वर्क'मध्ये किंवा 'वर्ल्ड'मध्ये. आणि ए-आर 'ऑर्' होतो, जसा 'वॉर्म'मध्ये. शेवटी मुका ई आला की 'केअर', 'फायर' अशी आणखी वेगळी मंडळी येतात. वाटेत भेटतील तसे त्यांचे परिचय होतील.

शेवटचा मुद्दा वाचन आणि लेखन यांतल्या फरकाचा, आणि तो दोन्ही भाषांना सारखाच लागू आहे. आय-आर दिसला की 'अर्' म्हणायचं, हे सोपं. 'अर्' ऐकला की ई-आर लिहू की आय-आर की यू-आर, हे अवघड, कारण आवाज त्याचं उत्तर देत नाही. 'मिरची' वाचणं सोपं, पण ती 'मिर्ची' नव्हे हे लिहिताना आठवणं अवघड, त्याच कारणानं. शब्दाच्या शेवटी बहुतेक ई-आरच असतो, टीचर, वॉटर, नंबर या शब्दांसारखा, एवढी एक सवलत इंग्रजी देते. बाकीचं वाचून वाचून डोळ्यात बसतं. म्हणून पहिली-दुसरीत स्पेलिंगच्या आणि शुद्धलेखनाच्या परीक्षांनी मुलांना बेजार करू नये. ज्या मुलाला 'मिर्ची' लिहूनही दुकानावरची 'मिरची' धडाधड वाचता येते, त्याला पूर्ण गुण द्यावेत.